चालत्या घरांतील वीज

आमच्या लहानपणीं शेणव्याहून नाशकास जावयाचें म्हणजे आधीं कल्याणास येऊन लांबच्या गाडींत बसावें लागे. ती गाडी कसाऱ्यास थांबे. थळ घाटाची चढण चढविण्यासाठीं जादा एंजिनें तेथें जोडलीं जात. त्या थांब्यांत डब्यांतील दिवे हळूहळू पिवळे, मग तांबूस होत. गाडीनें पुन्हां वेग धरला कीं लख्ख. मला याचें मोठें नवल वाटे. डोक्यावरून तर दीड हजार व्होल्टांची तार गेलेली! १९२५ सालीं बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धांवली आणि १९३० पर्यंत ती तार घाट चढून इगतपुरीस पोंचली होती. मग तिच्याच खालीं उभ्या असलेल्या गाडीचे दिवे कां मंदावत? वडिलांनीं सांगितलें, "बॅटरी जुनी झाली असेल." हेंच उत्तर मीं पुढें जन्मभर ऐकलें, आणि तें बहुतेक वेळां चुकीचें असतें.

खरी गोष्ट अशी कीं त्या डब्यांतील दिव्यांचा वरच्या तारेशीं कांहींएक संबंध नव्हता. तार एंजिनासाठीं. डब्याचा संसार निराळा. डब्याखालीं एक डायनॅमो टांगलेला असे. चाकांच्या आंसावरून आलेला पट्टा तो फिरवी. त्यांतून निघालेली वीज दिव्यांना मिळे व उरलेली शेजारच्या पेटींतील बॅटरींत सांठे. गाडी उभी राहिली कीं मिळकत बंद आणि सारा खर्च गंगाजळींतून. प्रत्येक डबा म्हणजे आपली वीज आपण कमावणारें एक चालतें घरच होतें.

ही व्यवस्था हौसेखातर निघालेली नव्हती. आगगाडीच्या आरंभकाळीं डब्यांत तेलाचे दिवे असत. ते छपराच्या भोंकांतून वरून सोडीत. पुढें गॅस आला. त्याचा उजेड चांगला, पण टाक्या डब्याच्याच खालीं. २२ मे १९१५ रोजीं स्कॉटलंडांत क्विंटिन्सहिल येथें सैनिकांच्या गाडीची टक्कर झाली. डबे लांकडी, खालीं गॅस; दोनशेंहून अधिक माणसें मेलीं व त्यांतील पुष्कळशीं जळून गेलीं. आज आपण डब्यांत शिरतांच निष्काळजीपणें दिव्याची कळ दाबतों, तिच्यामागें असा इतिहास आहे.

वीज सांठविण्याची विद्या मात्र त्याआधींची. १८५९ सालीं फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यानें शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाम्लांत बुडविले आणि पुन्हां पुन्हां भरतां येणारी पहिली बॅटरी सिद्ध केली. १८८१ मध्यें कामिय फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देऊन तिची धारणशक्ति वाढविली. सांठवण सांपडली, पण कमी-अधिक वेगानें धांवणाऱ्या गाडींत ती भरावयाची कशी, हा प्रश्न उरला. तो १८९० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील स्टोन कंपनीनें सोडविला. डायनॅमो असा लोंबता टांगला कीं ठराविक वेगापलीकडे पट्टा घसरूं लागे व वीज प्रमाणाबाहेर वाढत नसे. गाडी उलट दिशेनें निघाली तर ध्रुव बदलूं नयेत म्हणून आपोआप अदलाबदल करणारी कळ असे. आणि माझ्या मतें सर्वांत चतुर युक्ति पुढची होती. डायनॅमो मंदावला कीं त्याचा दाब बॅटरीपेक्षां कमी होतो. अशा वेळीं दोहोंतील वाट उघडी राहिली तर बॅटरीच उलट डायनॅमोला फिरवूं पाहते, म्हणजे कमावत्या मुलाला आजोबांनीं आपल्या शिलकेंतून पोसावें तसें होतें. म्हणून वेग पडतांच ही वाट तोडणारी व वेग येतांच जोडणारी कळ बसविली गेली. पट्टा सुटला, किंवा ही कळ बिघडली, कीं डबा अंधारांत. आणि उतारू दोष देत बॅटरीला!

आमच्या मुरबाडकडे म्हशाच्या यात्रेंत तंबूंतले सिनेमे येत, त्यांचा मामला याहून सोपा. त्यांचें तेलाचें एंजिन थांबलें कीं पडद्यावरचा नायकहि थांबे आणि शिट्ट्या सुरू होत. सांठवण नाहीं, म्हणून संशयहि नाहीं.

मोटारीला बॅटरीची खरी गरज लागली ती १९१२ पासून, अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसविला तेव्हां. आतां तर मोटारींतच बिछाना, चूल, पंखा व फ्रीज आला आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनाचें धोरणहि केलें. या गाडींत बहुधा दोन बॅटऱ्या असतात : एक एंजिन सुरू करण्यासाठीं, दुसरी घरासाठीं. दोहोंमध्यें जोडणारी-तोडणारी कळ असते. ती कोण, हें आपण ओळखलेंच असेल. आगगाडीच्या डब्याखालचीच ती, आकारानें लहान झालेली.

म्हणून दोष शोधावयाचा तो त्याच क्रमानें. गाडी कांहीं तास स्वस्थ उभी ठेवून मोजलें असतां शिशाची भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टांहून थोडें वर दाखविते. बाराच्या आसपास आली तर ती जवळजवळ रिकामी समजावी, आणि तशीच पडूं दिली तर तिच्या पत्र्यांवर कठीण थर बसून ती खरोखरच निकामी होते. मग एंजिन चालू करावें. एंजिनाच्या बॅटरीवर आंकडा चौदाच्या सुमारास चढला, पण घरच्या बॅटरीवर हललाच नाहीं, तर बॅटरी निर्दोष. वाटेंतील फ्यूज, कळ किंवा तार पाहावी. आपल्या कोंकणपट्टीच्या दमट हवेंत टोंकांवर हिरवट-पांढरी भुकटी धरते, तीहि पुसावी.

गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी आपल्या म्हाताऱ्या आईस घेऊन अशाच गाडीनें माळशेज घाटाकडे गेला होता. आईचें इन्सुलिन गाडींतल्या फ्रीजमध्यें. मध्यरात्रीं फ्रीज बंद पडला. दुसऱ्या दिवशीं त्यानें नवी बॅटरी विकत घेतली. तिसऱ्या रात्रीं पुन्हां तेंच. सकाळीं त्याचा दूरध्वनि आला, "मास्तर, नवी बॅटरीसुद्धां खोटी निघाली." मीं म्हटलें, "फ्रीज चालू कर आणि मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरें गाडीच्या उघड्या लोखंडावर ठेव." तेथें आंकडा शून्यालगत हवा, निघाला सव्वा व्होल्ट. ऋण तार ज्या बोल्टानें सांगाड्यास जोडली होती तो बोल्ट रंगावरच आवळलेला होता आणि खालीं गंज चढला होता. भरतांना व खर्चतांना सारी वीज त्याच वाटेनें परतावयाची, तिथेंच ती अडत होती. त्यानें सुरीनें रंग खरवडला, बोल्ट पुन्हां आवळला, आणि फ्रीज चालूं लागला. जुनी बॅटरी मात्र तो मोडींत देऊन बसला होता.