लाल निशाण आणि शिरस्त्राण

१८९६ सालच्या १४ नोव्हेंबरची सकाळ. लंडनच्या एका हॉटेलात मोटारवाली मंडळी फराळाला जमली होती. तेथे लॉर्ड विंचिल्सी यांनी सर्वांसमक्ष एक लाल निशाण फाडले, आणि मंडळी आपापली वाहने घेऊन ब्रायटनच्या वाटेला लागली.

हे निशाण कसले, ते सांगितले पाहिजे. १८६५ च्या इंग्रजी कायद्याने सडकेवरच्या यांत्रिक गाडीला गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैल एवढीच मुभा दिली होती. शिवाय गाडीच्या साठ यार्ड पुढे लाल निशाण घेतलेला एक माणूस चालला पाहिजे, अशी अट होती. १८७८ साली निशाणाची सक्ती सैल झाली. माणूस मात्र पुढे चालतच राहिला. त्या नोव्हेंबरच्या दिवशी नव्या कायद्याने त्याला घरी पाठविले. मर्यादा ताशी चौदा मैलांवर गेली, आणि सरकारी खात्याने ती लगेच बारावर आणली.

या समारंभाच्या तीन महिने आधी, १७ ऑगस्ट रोजी, लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची स्त्री मोटारीचा धक्का लागून मरण पावली होती. मोटारीने प्राण गेलेली इंग्लंडातील ती पहिली पादचारी समजली जाते. एकीकडे फाटलेले निशाण आणि दुसरीकडे ही स्त्री. पुढचा सगळा वाद या दोन चित्रांच्या मध्ये उभा आहे.

वाहन किती वेगाने हाकावे हे सांगण्याचा सरकारला अधिकार आहे काय, आणि असल्यास तो कोठवर, हा आजचा आमचा विषय. इंग्लंडची गोष्ट निवडली, कारण तेथे हा वाद दीर्घकाळ आणि उघड्यावर झाला. कायदा पुढेही गेला आणि मागेही आला. त्यात आमचे विशेष लक्ष राहील ते फटफटीवाल्याकडे. मोटारीतल्या माणसाभोवती पत्र्याची भिंत असते. फटफटीवाल्याभोवती वाऱ्यावाचून काही नसते. वेगाचा आनंद त्याला सर्वांत अधिक, आणि वेगाची शिक्षाही त्यालाच सर्वांत अधिक.

१९०३ च्या कायद्याने ताशी वीस मैलांची मर्यादा घातली. ती १९०४ च्या आरंभापासून अमलात आली आणि तिच्याबरोबर पोलिसांचे सापळेही आले. शिपायांनी कुंपणाआड दडून बसावे, मोजलेल्या अंतरावर घड्याळ लावावे आणि गाडीवाल्याला पकडून दंड करावा, असा तो प्रकार. त्यावर उतारा म्हणून १९०५ साली मोटारवाल्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन काढली. तिची माणसे सायकलवरून हिंडत आणि पुढे सापळा असल्यास सभासदांना खूण करीत. १९१० साली न्यायालयाने ठरविले की, वेगात जाणाऱ्याला अशी सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय. तेव्हा संस्थेने नवी युक्ती काढली. आमचा माणूस सभासदाची गाडी पाहून सलाम करील. ज्या दिवशी करणार नाही, त्या दिवशी गाडी थांबवून त्याला कारण विचारावे! सलाम न करणे हा काही गुन्हा नव्हे.

ही गोष्ट ऐकून हसू येते. परंतु तिच्यात एक दुखणे आहे. १९०५ साली नेमलेल्या शाही आयोगाने पुढच्याच वर्षी वीस मैलांची मर्यादा काढून टाकण्याची शिफारस केली. काही भागांत हे सापळे सुरक्षिततेपेक्षा दंडाच्या उत्पन्नासाठी लावले जातात की काय, ही चिंताही तेव्हा व्यक्त झाली. ज्या कायद्याचा हेतू लोकांना पटत नाही त्याची टिंगल होते, आणि एकदा टिंगल झालेला कायदा चांगल्या कामालाही उपयोगी पडत नाही. तरीही ती मर्यादा पुस्तकात तशीच राहिली, आणि लोक ती मोडीत राहिले.

ज्यांना शर्यती करावयाच्या होत्या त्यांना मात्र या मर्यादेखाली ब्रिटनच्या भूमीवर रस्ता मिळेना. त्यांनी समुद्र ओलांडला. आयल ऑफ मॅन या बेटाची विधानसभा स्वतंत्र. तिने १९०४ साली शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद करण्याची मुभा देणारा कायदा केला. १९०७ साली तेथे मोटारसायकलींची पहिली टूरिस्ट ट्रॉफी शर्यत झाली. एका सिलिंडरच्या गाड्यांमध्ये चार्ली कॉलियर हा मॅचलेस गाडीवर पहिला आला. त्याची सरासरी ताशी सुमारे अडतीस मैल होती. म्हणजे ब्रिटनमधील मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ब्रुकलंड्स येथील शर्यतीच्या मैदानावर डॉ. एरिक गार्डनर नावाचे वैद्यकीय अधिकारी होते. डोक्याला मार लागलेले स्वार त्यांच्यापुढे वरचेवर येत. त्यांनी कापड आणि लाख यांचे एक टणक शिरस्त्राण करवून घेतले. शर्यतवाल्या संस्थेने आधी नाके मुरडली. पण १९१४ च्या टूरिस्ट ट्रॉफीत तिने ते सर्व स्वारांना सक्तीचे केले. वेगाचे जे सर्वांत मोठे भोक्ते, त्यांनीच डोक्यावरची सक्ती सर्वांआधी मान्य केली. ती सरकारची नव्हती, जाणकारांची होती.

आता १९३० सालाकडे येऊ. हर्बर्ट मॉरिसन वाहतूक मंत्री असताना नवा कायदा झाला आणि मोटारी व मोटारसायकली यांवरील वेगमर्यादा साफ रद्द झाली. कारण असे की, जी कोणी पाळीत नाही ती ठेवून कायद्याची अप्रतिष्ठा का करावी? त्याऐवजी बेदरकार हाकण्यास कडक शिक्षा, दुसऱ्याच्या नुकसानीचा सक्तीचा विमा आणि फटफटीस किमान सोळा वर्षांचे वय, असे उपाय योजले. युक्तिवाद सुबोध होता. वेगाला शिक्षा करू नका, बेफिकिरीला करा.

या युक्तिवादाची परीक्षा रस्त्यावर झाली. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली आणि २,३१,६०३ जखमी झाली. त्यांतली जवळपास निम्मी पायी चालणारी होती, आणि तीन चतुर्थांश अपघात वस्तीच्या भागात घडले होते. सरकारने मर्यादा परत आणण्याचे विधेयक मांडले तेव्हा पार्लमेंटात कडाक्याचा वाद झाला. मूर-ब्रॅबाझॉन या वैमानिक सभासदाने सांगितले की, मोटारीच्या आरंभीच्या दिवसांत रस्त्यावर कोंबड्या फार मरत, आता त्या शहाण्या झाल्या आहेत. माणसेही तशीच शिकतील, हा त्यातला भावार्थ. विनोद म्हणून तो खपलाही असेल. परंतु ज्या घरातले मूल रस्त्यावर गेले, त्या घराला तो कसा लागला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

विधेयक संमत झाले. १८ मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा लागू झाली. वस्ती कोठे सुरू होते, हे रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवरून ठरू लागले. त्याच वर्षी नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. १९३५ साली मृतांचा आकडा ६,५०२ वर उतरला. हे सारे श्रेय एकट्या मर्यादेचे असे आम्ही म्हणणार नाही, कारण उपाय अनेक होते. परंतु वीस मैलांच्या जुन्या मर्यादेत आणि या नव्या मर्यादेत एक मोठा फरक होता. जुनी भीतीपोटी सर्वत्र घातलेली होती. नवी, माणसे कोठे मरतात ते मोजून, तेथेच घातलेली होती.

ही मर्यादा सुरू होऊन दोन महिने व्हायचे होते. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स आपल्या ब्रफ सुपीरियर फटफटीवरून घरी परतत होता. अरबस्तानातल्या युद्धामुळे जगभर नाव झालेला हा पुरुष पुढे विमानदलात साधा शिपाई म्हणून राहिला, आपल्याकडे कराची आणि मिरानशहा येथे नोकरी करून १९२९ च्या जानेवारीत मुंबईहूनच बोटीने परत गेला. वेगाचे त्याला वेड होते. रस्त्याच्या उताराआड सायकलवर दोन मुले होती. त्यांना चुकविताना तो फेकला गेला, आणि सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी मरण पावला. वय अवघे शेहेचाळीस. डोके उघडे होते. त्या वेळी त्याचा वेग किती होता, यावर अजून वाद आहे. आणि तो रस्ता वस्तीचा नसल्याने नव्या मर्यादेचा तेथे प्रश्नच नव्हता.

त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यवैद्य होते. पुढे युद्ध सुरू झाले, दिवे मालवले गेले, आणि १९४१ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ माणसे मेली. त्याच वर्षी केर्न्स यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत २,२७९ फटफटीस्वार आणि मागे बसणारे मेले होते. युद्धापूर्वीच्या तेवढ्याच काळात १,८८४. मृत्यूचे मुख्य कारण डोक्याची दुखापत. शिरस्त्राण घातलेल्यांचे सातच अपघात त्यांच्या हाती आले, पण त्या सातांपैकी एकही दगावला नव्हता. त्याच नोव्हेंबरमध्ये सैन्याने आपल्या फटफटीस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. नागरिकांसाठी मात्र तो कायदा १ जून १९७३ रोजी आला. केर्न्स १९५२ सालीच वारले होते.

एवढा विलंब का? कारण येथे प्रश्न बदलतो. वेगमर्यादा दुसऱ्याचा जीव वाचविते. शिरस्त्राण ज्याचे त्याचे डोके वाचविते. माझे डोके माझे, त्याची काळजी सरकारने का करावी, असे म्हणणारी सगळीच माणसे मूर्ख नव्हती. इनॉक पॉवेल यांनी पार्लमेंटात याच तत्त्वावर विरोध केला. फ्रेड हिल हा युद्धकाळी फटफटीवरून निरोप पोचविणारा शिपाई आणि पुढे गणिताचा शिक्षक. त्याने म्हातारपणी दंड भरण्यास नकार देऊन वारंवार तुरुंगवास पत्करला आणि १९८४ साली तुरुंगातच त्याचे देहावसान झाले. १९७६ साली पार्लमेंटाने पगडीधारी शिखांना या सक्तीतून सूट दिली. श्रद्धेपुढे कायदा वाकला. हिलच्या स्वातंत्र्यापुढे वाकला नाही. हा भेद पुरता न्याय्य होता, असे आम्हांला छातीठोकपणे म्हणवत नाही.

तरीही एक गोष्ट हिलच्या बाजूचे लोक विसरतात. रस्त्यावर पडलेला माणूस एकटा पडत नाही. त्याला उचलणारे, त्याच्यावर उपचार करणारे आणि त्याच्यामागे राहणारे सारेच त्याच्याबरोबर पडतात. म्हणून डोके सर्वस्वी ज्याचे त्याचे, हे अर्धेच सत्य होय.

हा वाद आपल्यालाही परका नाही. मोटारीचे कायदे आपल्याकडे १९१४ आणि १९३९ साली इंग्रजी अमदानीत झाले. १९८८ च्या कायद्याने दुचाकीवाल्याला हेल्मेट बंधनकारक केले. २०१९ च्या आरंभी पुण्यात पोलिसांनी ते कडकपणे अमलात आणले तेव्हा विरोध करणारे रस्त्यावर उतरले. दंड हे उत्पन्नाचे साधन झाले आहे, ही तक्रार आपण तेव्हाही ऐकली. ती तक्रार शंभर वर्षांपूर्वी कुंपणाआड दडलेल्या शिपायाविषयी इंग्लंडात झाली होती. तिचे उत्तर सरकारने दिलेच पाहिजे, आणि ते उत्तर एकच: कोठे, केव्हा, किती माणसे मेली आणि नियमाने किती वाचली, हे मोजून लोकांपुढे ठेवणे. आपणही त्या मोजणीला मान देण्याची तयारी ठेवली पाहिजे.

लाल निशाण फाडणारे लोक चुकले नव्हते. माणसाला गाडीपुढे चालवणे हास्यास्पदच होते. परंतु निशाण फाडल्यावर त्याच्या जागी काय ठेवावयाचे, हे ठरविण्यास एका देशाला चाळीस वर्षे आणि हजारो जीव लागले. तेवढी किंमत पुन्हा एकदा मोजण्याचे कारण आपल्याला नाही.