स्कॉच एग : एका घरगुती पदार्थाचा इतिहास

उकडलेल्या अख्ख्या अंड्यावर खिम्याची पारी चढवायची, वरून ब्रेडचा चुरा लावायचा आणि तळायचे, की स्कॉच एग तयार होते. हा ब्रिटिश पदार्थ आज इंग्लंडमध्ये सुपरमार्केटच्या थंड कपाटात, पेट्रोल पंपालगतच्या दुकानात आणि पबच्या काउंटरवर सर्रास दिसतो. खिमा बहुधा डुकराच्या मांसाचा, म्हणजे सॉसेजमध्ये भरतात तोच असतो. त्यात मीठ, मिरी, जायफळ आणि सेज किंवा थाइमसारखा एखादा सुगंधी पाला घातलेला असतो. बहुतेक लोक हा पदार्थ थंडच खातात, सोबत मोहरीची चटणी घेऊन. पण पदार्थाचे हे रूप तसे अलीकडचे आहे. दोनशे वर्षांपूर्वी स्कॉच एग गरमागरम ग्रेव्हीत बसून जेवणाच्या टेबलावर येत असे आणि त्यावर ब्रेडचा चुरा नसे.

जन्माच्या कथेत पहिला मान मागते ते लंडनच्या पिकॅडिली भागातले ‘फोर्टनम अँड मेसन’ हे दुकान. राणी ॲनच्या दरबारात चाकरीला असलेल्या विल्यम फोर्टनमने ह्यू मेसनला भागीदार करून १७०७ मध्ये ते सुरू केले. दुकानाच्या म्हणण्यानुसार १७३८ मध्ये घोडागाडीच्या प्रवाशांसाठी त्यांनीच स्कॉच एग पहिल्यांदा बनवले. कथा जागेला शोभणारी आहे. लंडनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्या पिकॅडिलीवरून सुटत, आणि हातात धरून खाता येईल, सांडणार नाही, पोट भरेल अशा शिदोरीला तिथे गिऱ्हाईक होतेच. अडचण पुराव्याची आहे. १७३८ चा आधार म्हणजे दुकानाची स्वतःची परंपरा. शिवाय १८०९ ते १८६१ मधल्या छापील कृतींमध्ये हा पदार्थ ग्रेव्हीसकट येतो. ग्रेव्हीत वाढायचा पदार्थ प्रवाशाच्या शिदोरीसाठी जन्मला असेल, हे पटणे कठीण आहे.

पहिली ज्ञात छापील कृती सापडते ती १८०९ मध्ये, ‘अ न्यू सिस्टिम ऑफ डोमेस्टिक कुकरी’ या पुस्तकात. लेखिका मारिया एलिझा रंडेल. बाथ शहरातल्या एका शल्यवैद्याची ही पत्नी. पतीच्या निधनानंतर साठीच्या घरात असताना तिने आयुष्यभर जमवलेल्या पाककृती आणि घरकामाच्या युक्त्या मुलींच्या उपयोगासाठी एकत्र केल्या आणि ओळखीतले प्रकाशक जॉन मरे यांच्याकडे पाठवून दिल्या. मोबदल्याची तिची अपेक्षा नव्हती. पुस्तकावर तिचे नावही नव्हते, ‘एका बाईकडून’ एवढेच छापले होते. पहिल्या आवृत्तीवर १८०६ हे साल आहे. पुस्तक तुफान खपले. इतके, की १८१२ मध्ये मरे यांनी लंडनच्या अल्बमार्ल स्ट्रीटवरची प्रसिद्ध वास्तू घेतली, तेव्हा तारण ठेवलेल्या हक्कांमध्ये या पाकपुस्तकाचाही हक्क होता. पुढे लेखिका आणि प्रकाशक कोर्टात गेले, आणि १८२३ मध्ये २,१०० पौंड घेऊन रंडेलबाईंनी हक्क सोडले. घरातल्या वहीची किंमत प्रकाशकाला आधी कळली आणि लिहिणारीला नंतर, असे या प्रकरणाकडे पाहून म्हणावे लागते.

या पुस्तकातली स्कॉच एगची कृती जेमतेम काही ओळींची आहे. तलंगेची, म्हणजे नुकत्याच अंडी देऊ लागलेल्या कोंबडीची, पाच अंडी कडक उकडायची. पांढरा भाग तसाच ठेवायचा आणि त्यावर चविष्ट खिम्याचा थर द्यायचा. खिम्यात किसलेले हॅम किंवा चिरलेले खारे अँचोव्ही मासे योग्य प्रमाणात असावेत. छान पिवळसर-तपकिरी रंगावर तळायचे आणि चांगल्या ग्रेव्हीसोबत वाढायचे. तलंगेची अंडी लहान असल्यामुळे तयार गोळाही आजच्यापेक्षा लहानच होत असणार. कच्च्या डुकराच्या मांसाऐवजी मुरवलेले हॅम आणि खारवलेले मासे असल्यामुळे चव आजच्या सौम्य स्कॉच एगपेक्षा बरीच खारट आणि उग्र असणार.

नावातल्या ‘स्कॉच’चा स्कॉटलंडशी काय संबंध, याचे समाधानकारक उत्तर नाही. स्कॉटलंडमधून लंडनला पाठवायची अंडी टिकावीत म्हणून त्यांना चुना लावत, त्यावरून नाव पडले असे एक मत आहे. उत्तर इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या स्कॉट नावाच्या खाणावळवाल्यांवरून ते आले असे दुसरे. दोन्ही कथा नंतरच्या काळात रंगलेल्या दिसतात. रंडेलबाईंनी मात्र कसलाही खुलासा न करता हे नाव वापरले आहे. म्हणजे १८०९ मध्येच ते वाचकांच्या परिचयाचे असावे.

भारतीय वाचकाला यापेक्षा जवळचा वाटेल तो नर्गिसी कोफ्त्याचा मुद्दा. मुघलाई आणि अवधी परंपरेतल्या या पदार्थात हरभऱ्याची डाळ घालून शिजवलेला मटणाचा खिमा बारीक वाटतात, तो उकडलेल्या अंड्याभोवती लपेटून तळतात, मग कोफ्ता उभा कापून दोन अर्धुके रश्श्यात मांडतात. पांढऱ्यात पिवळे असे दिसते म्हणून नर्गिस फुलाचे नाव. स्कॉच एगची प्रेरणा हाच कोफ्ता असावा, अशी शक्यता ॲनेट होप यांनी ‘अ कॅलेडोनियन फीस्ट’ या १९८७ च्या पुस्तकात मांडली, आणि तेव्हापासून अनेकांनी ती सिद्ध झाल्यासारखी पुढे सांगितली. वरवर पाहता तारखाही जुळतात. प्लासीची लढाई १७५७ ची, बक्सरची १७६४ ची. १८०९ पर्यंत बंगाल आणि अवधच्या जेवणाची चव घेऊन परतलेले ईस्ट इंडिया कंपनीचे कितीतरी नोकर इंग्लंडमध्ये होते. दोन्ही पदार्थ रश्श्यात वाढले जात, हे साम्यही खरे.

तरीही एवढ्यावरून नाते ठरवता येत नाही. रंडेलबाईंच्या पुस्तकात करी आहे आणि ती ‘करी’ याच नावाने आहे. उसन्या पदार्थाचे मूळ लपवण्याची तिला गरज नव्हती. स्कॉच एगच्या खिम्यातले हॅम आणि अँचोव्ही अस्सल इंग्रजी आहेत. मसाल्याच्या खिम्याचे गोळे आणि उकडलेले बलक ‘पाय’ नावाच्या पेस्ट्रीत एकत्र भरण्याची रीतही इंग्रजी स्वयंपाकात आधीपासून होती. शिवाय मांस आणि अंडे यांचा हा मेळ एका देशाची मिरास नाही. १२२६ मध्ये बगदादला लिहिल्या गेलेल्या अल-बगदादीच्या पाकग्रंथात मांसावर अंडी फोडून केलेला ‘नर्जिसिया’ हा पदार्थ आहे. इराणमधल्या तब्रीझच्या प्रचंड कोफ्त्यांच्या पोटात आजही उकडलेले अंडे असते. नेदरलँड्समध्ये याच जातीच्या पदार्थाला ‘पक्ष्याचे घरटे’ म्हणतात. अंडे आणि खिमा एकाच स्वयंपाकघरात आले की ही युक्ती कोणालाही सुचू शकते. तेव्हा नर्गिसी कोफ्ता हा स्कॉच एगचा पूर्वज म्हणण्यापेक्षा चुलतभाऊ म्हणणे अधिक सुरक्षित.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा खरा धागा जुळतो तो रंडेलबाईंच्या पुस्तकातूनच. लेखिकेच्या निधनानंतर १८४० मध्ये त्याची जी आवृत्ती निघाली, तिच्यात हिंदुस्थानी धाटणीच्या पाककृतींची मोठी भर घातली ती एमा रॉबर्ट्स या प्रवासलेखिकेने. उत्तर हिंदुस्थानात काही वर्षे राहून परतलेली ही बाई १८३९ मध्ये पुन्हा निघाली आणि या वेळी मुंबईला आली. तिथे तिने एका इंग्रजी वृत्तपत्राचे संपादन केले. आवृत्तीवर तिचे नाव छापले गेले त्याच वर्षी, सप्टेंबर १८४० मध्ये, तिचे पुण्यात निधन झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पदार्थ कुठे पोचला होता, हे इझाबेला बीटन यांच्या ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ या १८६१ च्या जाडजूड ग्रंथात नेमके दिसते. सहा अंडी, सहा मोठे चमचे खिमा, तळायला डुकराची चरबी आणि अर्धा पाइंट तपकिरी ग्रेव्ही असे साहित्य दिले आहे. अंडी दहा मिनिटे उकडायची. म्हणजे बलक पूर्ण घट्ट. तळल्यावर विस्तवापुढे ठेवून चरबी निथळू द्यायची. ब्रेडच्या चुऱ्याचा उल्लेख इथे येतो, पण ऐच्छिक म्हणून: शोभा वाढवायची तर फेटलेल्या अंड्यात बुडवून चुरा लावावा, नीट तळले तर त्याची फारशी गरज नाही, असा बीटनबाईंचा अभिप्राय आहे. आज ज्या कुरकुरीत कवचावरून स्कॉच एगची परीक्षा होते, ते कवच १८६१ मध्ये निव्वळ सजावट होते. याच ग्रंथात चाळीस माणसांच्या पिकनिकची यादीही आहे. तीत भाजलेले गोमांस, कोंबड्या, बदके, पेस्ट्रीचे ‘पाय’, लॉबस्टर सगळे आहे. स्कॉच एग नाही. तेव्हाच्या घरात तो गरम खायचा टेबलावरचा पदार्थ होता, डब्यात न्यायचा नव्हे.

थंड शिदोरीचे रूप त्यानंतर हळूहळू आले. ग्रेव्ही गेली, चुऱ्याचे कवच कायमचे चिकटले आणि हॅम-अँचोव्हीच्या जागी खाटकाकडे तयार मिळणारा सॉसेजचा खिमा आला. हा शेवटचा बदल गृहिणीच्या सोयीचा होता, कारण खिमा कुटून, मसाला घालून मळण्याचे काम वाचले. दुसऱ्या महायुद्धात मात्र घरी स्कॉच एग करणे ही चैन झाली. १९४१ पासून अंड्यांवर नियंत्रण आले, माणशी आठवड्याला साधारण एक अंडे मिळू लागले. १९४२ पासून अमेरिकेहून आलेली अंड्याची पूड मिळू लागली, पण पुडीचे ऑम्लेट होते, स्कॉच एग होत नाही. सॉसेजवर रेशन नव्हते, तरी ते दुर्मिळ असत आणि त्यात मांसापेक्षा पावाचाच भरणा जास्त असे. अंड्यांवरचे नियंत्रण मार्च १९५३ मध्ये उठले, मांसावरचे जुलै १९५४ मध्ये.

त्यानंतर मोटारी वाढल्या, महामार्ग आले, सुपरमार्केट आले, आणि स्कॉच एग कारखान्यात गेले. ते टिकावे म्हणून अंडी फार वेळ उकडली जात. बलकातले लोह आणि पांढऱ्यातले गंधक यांच्या संयोगाने बलकाभोवती राखाडी-हिरवे वर्तुळ उमटे, आवरण मऊ पडे आणि खिमा आक्रसून अंड्यापासून सुटे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पदार्थाची जी चेष्टा झाली, ती या मालामुळे. घरच्या कृतीवर तिचा दोष येत नाही.

घरच्या आणि पबच्या स्वयंपाकघराने तो पुन्हा उचलला तो एकविसाव्या शतकात, आणि या वेळी बलक वाहता ठेवून. याआधी एक अडथळा होता. डिसेंबर १९८८ मध्ये आरोग्य खात्याच्या मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतांश अंड्यांत साल्मोनेला असल्याचे विधान केले. अंड्यांचा खप कोसळला आणि दोन आठवड्यांत करी यांना पद सोडावे लागले. अर्धकच्च्या अंड्याची भीती मात्र उरली. १९९८ पासून कोंबड्यांना लस टोचून ‘लायन’ शिक्का मारलेली अंडी बाजारात आली, आणि २०१७ मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ही अंडी गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्धांनीही मऊ बलकासह खायला हरकत नसल्याचे जाहीर केले. दरम्यान लंडनच्या ‘हारवुड आर्म्स’सारख्या पबने हरणाच्या मांसाचे स्कॉच एग नावारूपाला आणले होते.

मऊ बलकाने घरच्या कृतीचे तंत्रच बदलले. मोठे अंडे उकळत्या पाण्यात सहा मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकतात. पांढरा भाग जेमतेम धरलेला असल्यामुळे सोलताना हात हलका लागतो. अंडे आधी मैद्यात घोळवावे लागते, नाहीतर ओलसर पृष्ठभागावर खिमा धरत नाही आणि कापल्यावर मध्ये पोकळी दिसते. साठ-सत्तर ग्रॅम खिमा प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये थापून अंड्यावर ओढून घेतात आणि मोदकाप्रमाणे तोंड मिटवतात. पारी एका बाजूला जाड राहिली तर तेवढीच कच्ची राहते. मग मैदा, फेटलेले अंडे, चुरा. खरी कसोटी तेलाची. ते १६० ते १७० अंशांवर ठेवून सात-आठ मिनिटे तळावे लागते. तेल जास्त तापले तर चुरा करपतो आणि डुकराचा खिमा आत कच्चा राहतो, जे धोक्याचे आहे. कमी तापले तर खिमा शिजेपर्यंत बलक घट्ट होतो. म्हणून बरेच जण आधी रंग येईपर्यंत तळतात आणि उरलेले काम ओव्हनवर सोपवतात.

भारतात हा पदार्थ आपल्या नावाने रुजला नाही, पण त्याचे रूप कोलकात्यात राहिले. तिथल्या जुन्या ‘केबिन’ उपाहारगृहांत मिळणारे ‘डिमेर डेव्हिल’ म्हणजे उकडलेले अंडे, भोवती मसाल्याचा खिमा, वर ब्रेडचा चुरा. सोबत कांदा आणि कासुंदी ही मोहरीची चटणी. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत मेनूवर असतो तो नर्गिसी कोफ्ता, आणि आता तो पनीर घालून शाकाहारीही करतात.

ब्रिटनमध्ये स्कॉच एगची शेवटची मोठी चर्चा झाली ती थेट मंत्र्यांच्या तोंडून. डिसेंबर २०२० च्या कोविड निर्बंधांत इंग्लंडच्या अनेक भागांत पबना ‘भरपेट जेवणा’सोबतच दारू देण्याची मुभा होती. स्कॉच एग भरपेट जेवणात मोडते का, असे विचारल्यावर पर्यावरणमंत्री जॉर्ज युस्टिस यांनी बहुधा मोडते असे उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी मायकेल गोव्ह यांनी दोन स्कॉच एग म्हणजे फार तर जेवणाची सुरुवात असे सांगितले, आणि त्याच दिवशी मत बदलून ते जेवणच असल्याचे मान्य केले. रंडेलबाईंच्या १८०९ च्या पुस्तकाने मात्र ही शंका ठेवली नव्हती: पाच अंडी, ग्रेव्ही, आणि टेबलावर वाढायचा गरम पदार्थ.