केडगाव आधी, दौंड नंतर

पुण्याहून दौंडला जाताना गाडीने केडगाव सोडलं की कडेठाण, मग पाटस, मग दौंड. एवढ्याशा अंतराच्या दोन टोकांना माझे आजोबा आणि त्यांची मोठी बहीण लहानपणी वेगवेगळे उतरवले गेले. ती केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तीसदनात, म्हणजे निराधार बायका-मुलींच्या आश्रमात. ते दौंडला, अल्बर्ट नॉर्टन या मिशनऱ्याच्या मुलांच्या आश्रमात. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या आणखीही काही घरांचा इतिहास याच रुळांवरून सुरू होतो. मी दौंडच्या शाळेत इतिहास शिकवला, पण हा इतिहास कुठल्याच यत्तेच्या पुस्तकात नव्हता.

1899 साली गुजरात, काठेवाड, राजपुताना सगळीकडे पाऊस दगा देऊन गेला. विक्रम संवत 1956 होतं, म्हणून तिकडे त्या दुष्काळाला छप्पनियो म्हणतात. आधी गुरं गेली, मग माणसं सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली, आणि 1900 च्या उन्हाळ्यात त्या गर्दीत पटकी शिरली. आजोबा पंचमहालातले. वडील खडीच्या कामावर असताना गेले, आई पटकीने गेली. दोघांमध्ये किती दिवसांचं अंतर होतं हे आजोबांना सांगता येत नसे. आई गेली तेव्हा बहिणीने त्यांचा हात धरला होता आणि पुढे बरेच दिवस सोडला नाही, एवढं मात्र ते पक्कं सांगत.

या दुष्काळातून रमाबाईंनी मुलीच का उचलल्या, हा प्रश्न मला तरुणपणी फार छळायचा. त्यांचं स्वतःचं आयुष्य पाहिलं की तो आणखी टोचतो. 1874 च्या दुष्काळात दक्षिणेत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मागोमाग आई लक्ष्मीबाई आणि मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ती दोघं उपाशीतापाशी देशभर पायी फिरली, 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली आणि 1880 मध्ये श्रीनिवास वारला तेव्हाच त्यांची ताटातूट झाली. भाऊ जवळ असणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

उत्तर त्यांच्याच अनुभवात आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या अन्नछत्रांत आणि कामाच्या छावण्यांत कोवळ्या मुलींची काय गत होते, त्या कोणाच्या हाती लागतात, हे त्यांनी पाहिलं आणि लिहूनही ठेवलं. मुलगा उपाशी मरण्याची भीती होती. मुलीला उपासमारीच्या आधीच दुसरं मरण गाठत होतं. त्या खेपेला त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेग आणि त्याचे निर्बंध, म्हणून केडगावच्या त्यांच्या शेतावर तंबू पडले आणि तिथेच मुक्तीसदन उभं राहिलं. छप्पनियोनंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांना रोज पाणी, भाकरी, लुगडं पुरवायचं, तेही माळरानावर. पुढे मुक्तीत मुलग्यांसाठीही एक सदन झालं. पण ज्या दिवसांत आजोबा आले, त्या दिवसांत बाई मुलींना घेत आणि मुलगे पुढे दौंडला जात. मला आता रमाबाईंचा निर्णय बरोबर वाटतो. त्याची किंमत मात्र भावंडांनी मोजली, आणि ती कोणीतरी लिहून ठेवायला हवी.

आजोबा सांगत, मुली एका डब्यात होत्या आणि मुलगे दुसऱ्या. केडगाव आधी येतं. गाडी थांबली, मुली खाली उतरल्या, आणि या मुलग्यांना वाटलं, पाणी प्यायला उतरल्या असतील. गाडी सुटली.

नंतरची वर्षं भराभर गेली. नवं नाव, बाप्तिस्मा, मराठी अक्षरं, सुतारकी, आणि मग दौंडच्या रेल्वेत नोकरी. गुजराती कधी पुसली गेली ते त्यांनाही कळलं नाही. पहिला पगार झाल्यावर ते केडगावला गेले. तिथे एव्हाना हातमाग चालत होते, तेलघाणा होता, छापखाना होता. रमाबाईंनी केलेलं बायबलाचं मराठी भाषांतर त्या छापखान्यात बायकांच्याच हातांनी जुळवलं आणि छापलं गेलं. कचेरीत आजोबांना विचारलं, मुलीचं नाव काय, गाव काय. नाव बदललेलं. गावाचं नाव भेदरलेल्या पोराने कसंबसं सांगितलेलं आणि मराठी माणसाने कानाला पडलं तसं लिहिलेलं. वय अंदाजाने. वहीतल्या अशा नोंदींवरून कोणाचा भाऊ कोण, हे ठरवायचं कसं?

बऱ्याच खेपांनंतर छापखान्यात खिळे जुळवणारी एक बाई पुढे आली. तिलाही एक धाकटा भाऊ होता, तोही गाडीत राहिला होता. आजोबांना घरामागचं मोहाचं झाड आठवत होतं, तिला विहीर. दोघांना आठवत होतं ते एकच, आईने पायातली चांदीची कडी विकून ज्वारी आणली होती. मी इतिहासाची शिक्षिका म्हणून सांगते, हा पुरावा नाही. त्या वर्षी पंचमहालात कितीतरी आयांनी कडी विकली असतील. पण त्या दोघांनी तिथेच, छापखान्याच्या दारात, एकमेकांना बहीणभाऊ मानलं आणि आयुष्यभर मानलं.

पुढे महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने दिवाळीत घरोघर जाऊन भाऊबीज गोळा करायची प्रथा पाडली. तिच्यामुळे अनोळखी घरं संस्थेतल्या मुलींची भाऊ झाली. त्या प्रथेबद्दल वाचते तेव्हा मला आमची आत्याआजीच दिसते. नाताळाला ती येई, आजोबांना नवा सदरा आणे आणि पहिला घास त्यांना भरवल्याशिवाय जेवत नसे. आजोबांच्या कुठल्याही लेकराचं नाव तिला विचारल्याशिवाय ठेवलं गेलं नाही.

माझ्या लग्नाच्या वेळी तिच्या नातवाचं स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेत, चांगला शिकलेला, सगळ्यांच्या पसंतीचा. एका मध्यस्थाने वडिलांना समजावलं, अहो, ते नातं तोंडचं, रक्ताचं आहे याची खात्री कोणाला? वडिलांनी त्याला चहा पाजला आणि नकार दिला. "आत्याचा नातू आहे," म्हणाले, "हिचा भाऊ लागतो."