दोन सारखे चेहरे

'अमिबा निघालाय' हे शब्द आपल्याकडे बहुतेक घरांनी ऐकलेले असतात. पोटात मुरडा, आंव, लॅबचा कागद, मग गोळ्या आणि तोंडाला दोन दिवस धातूची चव. मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. या एकपेशीय जीवाचा इतिहास वाचायला घेतला तो एका साध्या प्रश्नापायी. इतक्या लोकांच्या आतड्यात तो सापडतो, तर मग सगळेच आजारी का पडत नाहीत?

इतिहासाची सुरुवात रशियातली. उत्तरेच्या अर्खांगेल्स्क भागातून सेंट पीटर्सबर्गला आलेला एक तरुण शेतकरी रक्ताच्या आवेने खंगून डॉक्टर फ्योदोर ल्योश यांच्याकडे आला. ल्योश यांना त्याच्या विष्ठेत हलणारे अमिबे दिसले. त्यांनी ते कुत्र्यांना देऊन पाहिले. एक कुत्रा आजारी पडला. तो तरुण मात्र वाचला नाही. तरीही १८७५ साली लिहिताना ल्योश बिचकले. अमिबा जखम चिघळवतो, मूळ रोग दुसराच असावा, असे त्यांनी मत दिले. पुढे १९०३ मध्ये जर्मनीच्या फ्रिट्झ शाउडिन यांनी या जीवाचे 'एंटामिबा हिस्टोलिटिका' असे बारसे केले. हिस्टोलिटिका म्हणजे ऊती विरघळवणारा. नावातच आरोपपत्र!

१९१३ साली मनिलाच्या तुरुंगात वॉकर आणि सेलार्ड्स या दोघांनी वीस कैद्यांना अमिब्याची बीजे खाऊ घातली. कैदी राजीखुशीने तयार झाले, अशी नोंद आहे. कैद्याची राजीखुशी ती किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. वीसपैकी अठराजणांना लागण झाली. आजारी पडले फक्त चार.

या कोड्याला फ्रान्सच्या एमिल ब्रुम्प्ट यांनी १९२५ मध्ये उत्तर दिले. ते म्हणाले, हे दोन वेगळे जीव आहेत. एक घातक, दुसरा निरुपद्रवी. दुसऱ्याचे नाव त्यांनी 'डिस्पार' ठेवले. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोघे जुळ्या भावांसारखे. दिसण्यात फरक नाही तर जात वेगळी कशी, म्हणून ब्रुम्प्ट यांचे कोणी ऐकले नाही.

याची किंमत कोणी मोजली? निरुपद्रवी अमिबा बाळगणाऱ्या असंख्य माणसांनी. त्या काळची औषधे सौम्य नव्हती. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये कलकत्त्यात एमेटिनची इंजेक्शने रूढ केली. त्यांनी खऱ्या रोग्यांचे प्राण वाचवले, पण हे औषध हृदयावर घाला घालणारे होते.

ब्रुम्प्ट यांच्या बाजूने साक्ष मिळायला अर्धे शतक लागले. १९७८ मध्ये लंडनला सार्जंट आणि विल्यम्स यांनी अमिब्यांमधली विकरे विजेच्या प्रवाहाने वेगळी करून पाहिली. दोन तऱ्हा स्पष्ट दिसल्या. १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी दोन जाती रीतसर मान्य केल्या. ब्रुम्प्ट यांच्या दाव्याला तेव्हा अडुसष्ट वर्षे झाली होती.

आणि मग आला फेब्रुवारी २००५. घातक अमिब्याचा संपूर्ण जनुकसंच, म्हणजे जीनोम, 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. नमुना होता १९६७ साली मेक्सिको सिटीतल्या एका आमांशाच्या रोग्याच्या आतड्यातून वाढवलेला. संशोधकांच्या लांबलचक यादीत क्लार्क होते, तसेच दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले सुधा आणि आलोक भट्टाचार्य हेही होते. सुमारे २ कोटी ३७ लाख अक्षरे, ९,९३८ जनुके. २०१० मध्ये मजकूर पुन्हा तपासला तेव्हा अक्षरे २ कोटी ८ लाख आणि जनुके ८,२०१ भरली. मुद्रितशोधन फक्त आमच्या धंद्यात असते असे नाही!

मजकूर जुळवणे अवघड होते, कारण त्यात पुनरुक्ती फार. प्रथिने घडवायला अमिनो आम्ले वाहून आणणाऱ्या रेणूंची जनुके ओळीने पुन्हा पुन्हा लिहिलेली. वाचलेल्या मजकुराचा जवळपास दहावा हिस्सा त्यांनीच व्यापलेला. गझल लिहिणाऱ्याला यात रदीफ दिसली तर नवल नाही, पण शेर कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो हे ठरवताना संगणकही चकले. शिवाय काही जनुके चक्क जिवाणूंकडून उसनी आलेली. पहिल्या यादीत अशी ९६ होती, नंतर त्यातली काही गळाली.

मला सर्वांत अडवून धरले ते एका जनुकाने. आतड्याच्या अस्तरावर हल्ला करायला घातक अमिबा प्रथिने तोडणारी विकरे वापरतो. त्यांतले एक 'सीपी-५'. डिस्पारच्या मजकुरात नेमक्या त्याच जागी याच जनुकाचे मोडके अवशेष सापडतात. ओळ खोडलेली, पण तिथे ओळ होती हे कळावे इतपत शाई शिल्लक.

एवढ्यावर मनिलाचे कोडे सुटले असे कोणी समजू नये. खरा हिस्टोलिटिका पोटात असणाऱ्या दहाजणांपैकी साधारण एकच आजारी पडतो. उरलेल्या नऊजणांपुढे तो गप्प का बसतो, याचे पूर्ण उत्तर जीनोम वाचूनही मिळालेले नाही. आणि नुसत्या सूक्ष्मदर्शकावर चालणाऱ्या लॅबच्या कागदावर 'अमिबा' लिहून येते, तेव्हा तो या दोघांपैकी कोणता हे तो कागद आजही सांगू शकत नाही. त्यासाठी वेगळी, महागडी तपासणी लागते. डॉक्टरांना तेवढे विचारायला हरकत नसावी.