वार्तापत्रांतील वेणू चितळे

कुटुंबाच्या स्मरणात आजी ही बहुधा प्रथमपासून आजीच असते. नातवंडांनी तिला देवघरात वा ओसरीवर पाहिलेले असते. त्याआधीच्या तिच्या आयुष्याची विचारपूस सहसा होत नाही. पुढे एखाद्या पेटीतून तिची जुनी पत्रे निघतात आणि पंचविशीतील एक अनोळखी तरुणी बोलू लागते. युद्धकाळात घरी धाडलेल्या पत्रांत तर हे विशेषत्वाने जाणवते, कारण खुशाली कळविता कळविता लिहिणारीचा पिंडही प्रकट होत असतो. वेणू चितळे यांचे उदाहरण याच जातीचे, परंतु काहीसे निराळे आहे. त्यांच्या आवाजात मायदेशी आलेली पत्रे नभोवाणीवरून आली.

वेणू दत्तात्रेय चितळे यांचा जन्म १९१२ साली कोल्हापूरनजीक शिरोळ येथे झाला. पुण्याच्या हुजूरपागेत आणि मुंबईत शिक्षण घेऊन १९३४ च्या सुमारास त्या इंग्लंडला गेल्या. महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या तिकडेच होत्या. सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब पडत होते. त्याच वर्षी त्या बी.बी.सी.त काम करू लागल्या. मांसाची टंचाई असलेल्या ब्रिटिश गृहिणींना त्यांनी नभोवाणीवरून भारतीय शाकाहारी पाककृती सांगितल्या. पूर्व विभागात १९४१ ते १९४३ या काळात जॉर्ज ऑर्वेल हे त्यांचे सहकारी होते. डिसेंबर १९४२ मध्ये घेतलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद व ऑर्वेल यांच्यासमवेत त्याही दिसतात.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले. युद्ध भारताच्या दाराशी आले. भारतीय श्रोत्यांसाठी देशी भाषांतून साप्ताहिक वार्तापत्रे प्रसारित होऊ लागली, त्यांत मराठीही होते. ऑर्वेल इंग्रजी मसुदा लिहीत. तो मराठीत उतरविण्याच्या व वाचून दाखविण्याच्या कामात वेणूताईंचा वाटा होता. प्रत्येक संहिता अभ्यवेक्षणातून जाई, आणि वाचताना कोणी तिच्याबाहेर गेल्यास प्रक्षेपण तेथल्या तेथे थांबविता येई.

येथेच त्यांच्या तारुण्यातील खरा पेच दिसतो. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, आणि ही स्वातंत्र्याकांक्षी तरुणी राज्यकर्त्यांच्याच नभोवाणीवर बोलत होती. फॅसिझमचा पराभव व्हावा आणि देशही मुक्त व्हावा, या दोन्ही इच्छा एकाच मनात नांदणे सोपे नव्हते. त्या मनाचा पुढचा कल मात्र स्पष्ट आहे. कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगच्या कार्यात त्या सहभागी झाल्या आणि १९४७ च्या अखेरीस मायदेशी परतल्या. १९५० साली त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. दोन महायुद्धांच्या दरम्यान बदलत गेलेल्या पुण्यातील एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ती कथा आहे.

विवाहानंतर त्या लीला गणेश खरे झाल्या. १९९५ साली त्यांचे निधन झाले. लंडनमधील वेणू चितळे आणि संसारातील लीलाबाई खरे या एकच, हे केवळ नावांवरून कोणास कळावे? पुरुषाचे नाव जन्मापासून मृत्यूपर्यंत एकच राहते, म्हणून त्याचे कागद एकत्र सापडतात. स्त्रीचे नाव बदलते आणि तिचे अर्धे आयुष्य सूचीतून निसटते. ऑर्वेलविषयीच्या संशोधनात युद्धकाळातील संहिता व पत्रव्यवहार जपले गेले, म्हणून ही तरुणी पुन्हा दृष्टीस पडली. ज्यांच्या शेजारी कोणी विख्यात लेखक बसला नव्हता, त्यांचे काय?

हा प्रश्न निर्मल, मुधोळ, भैंसा या परिसरातील मराठी घरांनाही लागू आहे. या मुलुखाने निजामी राजवट पाहिली, १९४८ चे लष्करी पर्व पाहिले, १९५६ ची राज्यपुनर्रचना पाहिली. त्या वेळी किनवट बाहेर गेले, मुधोळ आदिलाबादेत आले आणि सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना विभागल्या. त्या काळी लेकी-सुनांनी लिहिलेली पत्रे कोणत्या ट्रंकेत पडून असतील, तर घर आवरताना ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. ग्रंथालयाने त्यांची नोंद घेताना लिहिणारीची माहेरची व सासरची दोन्ही नावे एकाच पत्रिकेवर नोंदवावीत. शोधणाऱ्या नातीला आजीचे माहेरचे आडनाव ठाऊक असेलच असे नाही.