जुनी आलिशान डिझेल मोटार : घेताना आणि सांभाळताना

परभणी : ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेतील व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या या व्यवहाराची देशभर चर्चा झाली. मराठवाड्याला या मोटारींचे अप्रूप मात्र त्याआधीपासूनच होते. औरंगाबादजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडा ऑक्टेव्हिया आणि २००७ पासून ऑडी ए-६ तयार होऊ लागली होती. त्या काळातील आणि त्यानंतरच्या दशकातील डिझेल सेडान आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारी दिसतात. नव्या लहान मोटारीच्या किमतीत मर्सिडीज किंवा ऑडी मिळत असेल, तर परभणी, सेलू वा गंगाखेडच्या ग्राहकाला मोह पडणे स्वाभाविक आहे.

मोटार जुनी झाली, तरी तिच्या सुट्या भागांची किंमत जुनी होत नाही, हा या व्यवहारातील खरा प्रश्न. चाळीस लाखांची मोटार आठ लाखांत मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स, टर्बो आणि इंजेक्टर चाळीस लाखांच्याच मोटारीचे राहतात. खरेदीची रक्कम कशीबशी जुळवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी भरीव रक्कम बाजूला ठेवणे शक्य असेल, तरच पुढचा विचार करावा.

डिझेलची बाजू भक्कम आहे, हेही खरे. दोन लिटरचे इंजिन महामार्गावर लिटरमागे १५ किलोमीटरच्या पुढे धाव देते आणि चार माणसे व सामान घेऊनही चढावर दमत नाही. स्कोडा, फोक्सवॅगन आणि ऑडी यांनी एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ निकष लागू होताच भारतात डिझेल मोटारी विकणे थांबविले. त्यामुळे या कंपन्यांची डिझेल सेडान हवी असेल, तर ती जुनीच घ्यावी लागते.

परभणीकरांपुढे अंतराची अडचण मोठी आहे. मर्सिडीज, ऑडी वा बीएमडब्ल्यूचे अधिकृत सेवा केंद्र जिल्ह्यात नाही. छत्रपती संभाजीनगर गाठायचे, तर सुमारे दोनशे किलोमीटर जावे लागते. ट्रॅक्टर आणि जीपची डिझेल इंजिने हातच्या मळाप्रमाणे जाणणारे कारागीर येथे आहेत. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड ही कामे त्यांच्याकडून निर्धास्त करून घ्यावीत. मात्र नव्या इंजेक्टरची नोंद मोटारीच्या संगणकात करणे किंवा गिअरबॉक्सचा दोष शोधणे यासाठी त्या बनावटीचा स्कॅनर लागतो. मोटार वाटेत बंद पडलीच, तर तिची चाके रस्त्यावर ठेवून ओढत नेऊ नये. स्वयंचलित गिअरबॉक्स त्यात निकामी होऊ शकतो. सपाट तळाच्या वाहनावर चढवूनच ती न्यावी.

दुसरा मुद्दा वापराचा. घर ते बाजारपेठ आणि बाजारपेठ ते स्टेशन एवढीच धाव असेल, तर आलिशान डिझेल मोटार घेऊच नये. भारत स्टेज-६ मोटारींच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जाळण्यासाठी सुमारे सहाशे अंश तापमान लागते आणि मोटार काही वेळ सलग वेगात चालावी लागते. गावातल्या गावात ते घडत नाही. गाळणी तुंबते, शिवाय न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. आठवड्यातून एकदा नांदेड किंवा जालन्याची फेरी होणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही. त्याआधीच्या बहुतेक मोटारींत ही गाळणी नाही, पण त्यांनी २०१७ पूर्वीचे अधिक गंधकाचे डिझेल पचविलेले असू शकते. तेव्हा इंजेक्टर आणि ईजीआर झडप तपासूनच घ्यावी.

जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. बसक्या सेडानचे बुश व खालचे आर्म त्यात लवकर झिजतात. बीएमडब्ल्यूच्या अनेक मोटारींत रन-फ्लॅट टायर असल्याने स्टेपनीच नसते. पालम किंवा सोनपेठच्या रस्त्यावर टायरची बाजू फाटली, तर त्या मापाचा टायर तेथे कोठून मिळणार? छताला काच असेल, तर तिच्या कडेच्या पन्हाळ्या पावसाआधी साफ कराव्यात. मोटार कडुनिंबाखाली उभी राहत असेल, तर हे काम टाळूच नये. पाला अडकला, की पाणी थेट आसनाखालच्या वायरिंगवर येते.

खरेदीपूर्वी इंजिन पूर्ण थंड असताना स्वतःच्या हाताने सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेली मोटार पाहण्यात अर्थ नाही. स्कोडा व ऑडीच्या चार सिलिंडरच्या डिझेलला टायमिंग बेल्ट असतो. तो बदलल्याचे बिल मागावे. बेल्ट तुटला, तर इंजिनच जाते. ओल्या क्लचच्या सहा गतींच्या डीएसजी गिअरबॉक्सचे ऑइल दर ६० हजार किलोमीटरला बदलावे लागते. २०१० च्या सुमाराची बीएमडब्ल्यू ३२०-डी असेल, तर टायमिंग चेनचा आवाज जाणकाराला ऐकवावा. ती इंजिनाच्या मागच्या अंगाला असल्याने दुरुस्ती फार खर्चिक ठरते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण मोटार घेताना तरी विसरलेली बरी.

कागदपत्रांत घाई नको. दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर तेथील मोटारी स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. अशी मोटार घेताना मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आणि चॅसी क्रमांक जुळवून पाहावा. एमएच-२२ क्रमांक घेताना महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. ती रक्कम सौदा ठरण्यापूर्वीच परिवहन कार्यालयातून काढून घ्यावी. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २०१० च्या मोटारींची मुदत २०२५ मध्ये संपली. पुढील पाच वर्षांसाठी तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरण शुल्क लागते. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. नूतनीकरण बाकी असेल, तर ते विक्रेत्याकडून करून घेऊन मगच उरलेली रक्कम द्यावी.