फोटोत न आलेला गाडीवान

परवा दिवाळीत कुंभिवलीला जाऊन आलो. मामाकडे. आता तिथे राहायला फक्त मामा-मामीच, पण भाऊबीजेला आम्ही भाचेमंडळी अजून जमतो. जेवणं झाली, बायका आत गप्पा मारत बसल्या आणि आम्ही ओटीवर. मामा, शेजारचे दोन म्हातारे आणि मी. भात कापून झालेला, समोरची खाचरं मोकळी. मामा सहज म्हणाला, "या दिवसांत पूर्वी मैदानं सुरू व्हायची." बस्स. पुढचे दोन तास मग बैलगाडीच्या शर्यतीशिवाय दुसरा विषय नाही!

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. बैलगाडीची शर्यत म्हटली की टीव्हीवर दिसतो तो बहुतेक वेळा घाटावरचा 'गाडा'. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडचा. तिथे चार बैल, पुढे घोडी, घोडीवर स्वार, आणि सगळा हिशोब सेकंदांचा. गाड्यात हाकणारा माणूस नसतोच. आमच्या रायगडात तसं नाही. इथे हलकी दोन चाकांची गाडी, दोन बैल आणि गाडीवर एक माणूस. अलिबागकडे पुळणीवर पळवतात, आमच्याकडे माळावर नाहीतर कापलेल्या शेतात. दोन गाड्या शेजारी उभ्या करून सोडतात, पुढे जाईल त्याचा गुलाल. दोन मालकांनी एकमेकांना आव्हान देऊन लावलेली ती 'बिनजोड'. विदर्भात याचाच चुलतभाऊ म्हणजे शंकरपट. आमच्याकडे हाकणाऱ्याला आता सर्रास जॉकी म्हणतात. आमच्या ओटीवरच्या मंडळींचा शब्द मात्र अजून 'गाडीवान'च.

तर ओटीवर वाद पेटला होता, सगळ्यात भारी गाडीवान कोण?

एकजण म्हणाले, कर्जतच्या बाजूचा एक होता, तो कासरा इतका सैल धरायचा की बघणाऱ्याला वाटावं झोपलाय की काय. दुसऱ्याचा बैलांशी बोलण्यात हातखंडा. गाडी सुटण्याआधी तो दोघांच्या मधे जाऊन उभा राहायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. काय, ते कुणाला कधी कळलं नाही. तिसरा गाडीवरून पडला, कासरा मनगटाला गुंडाळलेला, फरफटत गेला पण सोडला नाही, आणि बैल थांबल्यावर उठून पहिल्यांदा बैलांचे पाय चाचपले.

आमच्या शेजारचे काका निवृत्त एसटी ड्रायव्हर. खोपोलीचा घाट त्यांनी किती वेळा चढउतार केला याची गणती नाही. ते शांतपणे म्हणाले, "पळवायला कोनपन पळवतो. निशान गेल्यावर गाडी थांबवतो तो ड्रायव्हर." मला हे फार पटलं. जुवाखालचे दोन्ही बैल सारखे नसतात. एक जोरात सुटणारा, एक मागून वेग घेणारा. त्यांना एका रेषेत ठेवायचं, कासरा ओढला तर वेग मरतो, सोडला तर गाडी तिरकी होऊन शेजारच्या गाडीवर जाते. आणि शेवटी समोर गर्दी असताना उधळलेली जोडी आवरायची. हे सगळं बुडाखाली एक फळी असताना!

पण ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बैलांची नावं तिघांना तोंडपाठ. रंग, शिंगं, कुठल्या बाजाराचा खिल्लार, कितीला घेतला, सगळं. मालकांची नावंही, बापजाद्यांसकट. पण गाडीवानाशी आलं की गाडी अडायची. "तो रे... वाडीवरचा... काळासा... डोक्याला फडकं बांधायचा तो..." ज्यांच्याबद्दल दोन तास भांडण चाललं होतं, त्यांतल्या एकाचंही पूर्ण नाव कुणाला धड सांगता येत नव्हतं.

मी उठून माजघरात गेलो. आमच्या घरातल्या मंडळींना तो फोटो माहीत आहेच. आजोबा पांढऱ्या टोपीत, हातात ढाल, बाजूला सोन्या आणि पाखऱ्या, सगळे गुलालाने माखलेले. मागे तारीख आहे, १९८३ सालची. हा फोटो मी लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलाय. त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिला. उजव्या कडेला पाखऱ्याची वेसण धरलेला एक हात आहे. मनगटापर्यंतच. पुढचा माणूस चौकटीच्या बाहेर राहिलाय.

ओटीवर येऊन विचारलं, हा हात कोणाचा? मामा म्हणाला, "अरे, गाडीवानाचा. आपल्याच गाडीवर होता."

आता हे काही फक्त आमच्या घरातलं पाप नाही. माणूस फार पूर्वीपासून असाच वागत आलाय. ग्रीसमधे डेल्फीला १८९६ साली उत्खननात एक ब्राँझचा पुतळा सापडला, रथ हाकणाऱ्या तरुणाचा. जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचा, माणसाएवढ्या उंचीचा, हातात लगामाचे तुकडे अजून तसेच. जगातल्या सुंदर पुतळ्यांत त्याची गणना होते. पुतळा कोणी अर्पण केला ते माहीत आहे, गेला नावाच्या नगराचा सत्ताधीश पॉलीझालस. कारण त्याचं नाव खाली कोरलंय. लगाम धरलेला तरुण कोण, ते मात्र कोणालाच माहीत नाही. त्यांच्याकडे नियमच तसा होता, रथाच्या शर्यतीत विजेता म्हणजे घोड्यांचा मालक. स्पार्टाची राजकन्या किनिस्का इसवी सनापूर्वी ३९६ आणि ३९२ मधे ऑलिंपिक जिंकली ती याच नियमाने, स्वतः रथ न हाकता.

रोमन लोकांनी तेवढं बरं केलं. दुसऱ्या शतकातला त्यांचा दिओक्लेस नावाचा सारथी ४२५७ शर्यती धावला आणि १४६२ जिंकला, हे आज आपल्याला माहीत आहे. का? तर कोणीतरी त्याचा सगळा हिशोब दगडात कोरून ठेवला म्हणून. आणि आपल्याकडे? अधिरथाने वाढवलेल्या कर्णाला भर सभेत 'सूतपुत्र' म्हणून हिणवलं. रथ हाकणाऱ्याचा मुलगा, ही शिवी होती! हाच रथ श्रीकृष्णाने हाकला म्हणून आपण सारथ्याचं कौतुक करतो, एरवी कोण विचारतं.

अगदी अलीकडचं उदाहरण द्यायचं तर कर्नाटकातल्या कंबाळाचं. २०२० च्या फेब्रुवारीत श्रीनिवास गौडा हा तरुण रेड्यांच्या जोडीमागे चिखलातून १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत धावला आणि देशभर त्याची उसेन बोल्टशी तुलना झाली. तो बांधकामावर मजुरी करणारा. क्रीडा प्राधिकरणाने चाचणीला बोलावलं तर त्याने नम्रपणे नकार दिला, आपला खेळ वेगळा म्हणाला. पण निदान नाव तरी सगळ्यांना कळलं.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाला घेऊन वाडीवर गेलो. ते बाबा अजून आहेत. वय ऐंशीच्या आसपास, डोळ्यांना कमी दिसतं. मामाने ओळख करून दिली, "बहिणीचा मुलगा, मुंबईहून आलाय." फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, बैल ओळखले, पाखऱ्याच्या कपाळावर बोट ठेवलं. हात दाखवल्यावर हसले. म्हणाले, "फोटोवाला म्हनाला, सरक. सरकलो."

मी विचारलं, बाबा, तुम्ही एवढे मोठे गाडीवान, वाईट नाही वाटलं?

ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं ते लिहावं की नाही याचा मी चार दिवस विचार केला. त्यांच्या हातात काठी असायची, आणि काठीच्या टोकाला खिळा. सगळेच ठेवायचे. शेवटच्या टप्प्यात बैल मागे पडायला लागला की तो टोचायचा. १९८३ च्या त्या दिवशीही टोचला होता. "गुलालात रगात दिसत नाय," म्हणाले. "गुलाल मालकाच्या कपाळाला, खिल्याचं पाप आमच्या हाताला."

मी मामाकडे पाहिलं. मामा जमिनीकडे पाहत होता. आजोबांना हे माहीत होतं का, असा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. विचारला नाही. उत्तर मला कळलं होतं.

खरं सांगायचं तर २०१४ सालच्या ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर आपल्या बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली तेव्हा मी चिडलो होतो. शहरातल्या लोकांना काय कळतंय, वगैरे. त्या निकालपत्रात बैलांना काय काय सोसावं लागतं त्याची सविस्तर नोंद आहे. ती मी तेव्हा वाचली नव्हती. पुढे २०१७ मधे आपल्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, पण शर्यती उच्च न्यायालयात अडकल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची डॉक्टरकडून तपासणी लागते, अंतर हजार मीटरच्या आत, आणि काठी, चाबूक, विजेचा झटका या सगळ्याला मनाई. कायदा मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

म्हणजे बघा, साडेसात वर्षं मैदानं बंद होती. चोरून व्हायच्या त्या सोडा. या काळात सैल कासऱ्याची, बैलांशी बोलण्याची ती जुनी विद्या कोणाकडून कोणाकडे जाणार? बाबांचा नातू आता गाडी हाकतो. त्याच्या हातात काठी नाही. मी बाबांना विचारलं, काठीशिवाय जमतं का हो? ते म्हणाले, "त्याला जमतं. माझ्याहून भारी हाय तो. मला काठी व्हती म्हनून मी शिकलोच नाय."

हे वाक्य ऐकलं आणि आदल्या रात्रीचा ओटीवरचा सगळा वाद माझ्यापुरता मिटला. ज्यांना आपण थोर गाडीवान म्हणून आठवतो त्यांतला एक स्वतःच सांगतोय की खरी विद्या सैल कासरेवाल्याची होती, माझी नव्हती. आणि ती आठवण त्याने एकट्याने चाळीस वर्षं सांभाळली. ढाल आमच्या माजघरात, आणि रक्ताची आठवण त्याच्या झोपडीत. जिंकल्याचं श्रेय मालकाने घ्यायचं आणि मारल्याचा दोष हाकणाऱ्यावर टाकायचा, ही वाटणी आमच्या घरानेही केली. उद्या कोणी शर्यतींतल्या क्रौर्याबद्दल बोलला की आपण पटकन "ते गाडीवान लोक तसले" म्हणून मोकळे होतो, तेव्हा हे आठवावं. निदान मी तरी आठवीन.

निघताना म्हटलं, बाबा, तुमचं नाव लिहितो सगळ्यांना कळेल असं. त्यांनी मान हलवली. "नाव लिवशील तर खिलापन लिवावा लागंल. मंग पोराला लोक काय म्हनतील? एकच लिव."

मी खिळा लिहिलाय.

नाव मी घरी येऊन त्या फोटोच्या मागे, तारखेच्या खाली, पेन्सिलने लिहून ठेवलंय. आजोबांच्या नावाच्या शेजारी, त्याच आकारात. पुढच्या वेळी कुंभिवलीला जाल तेव्हा फोटो उलटून जरूर पाहा. आणि तुमच्या घरच्या भिंतीवरही असा एखादा फोटो असेल, कडेला कापला गेलेला हात असलेला, तर आत्ताच कोणा म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या. नाव आठवणारी माणसं फार दिवस नसतात.